विकतची वर्षं

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. बाबा बाल्कनीच्या उंबऱ्याशी पाट टाकून मोड आलेले वाल सोलत बसले होते. समोर येऊरचा डोंगर वणव्यानं जागोजागी काळा पडलेला, आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या त्या करपट वासात वालाचा ओलसर, उग्र वास मिसळलेला. आत टेबलावर लेकीनं लॅपटॉप उघडला होता. तिची एक नजर स्क्रीनवर, एक ब्रिटनहून आलेल्या पेन्शनच्या पत्रावर. ती मोठ्यानं वाचत होती आणि मी वहीत उतरवून घेत होते. "२०१०-११, पूर्ण वर्ष. २०११-१२, पूर्ण वर्ष. २०१२-१३, वर्ष पूर्ण नाही. २०१३-१४, पूर्ण नाही. पण आई, १६३ पौंड ८० पेन्स भरले की हेही पूर्ण होतंय." बाबांचा हात थांबला. वालाचं साल बोटाला तसंच चिकटलेलं. त्यांनी मान वळवून विचारलं, "म्हणजे काय? वर्षं विकत मिळतात होय?"

लेक हसली. म्हणाली, "हो आजोबा, तसंच समजा." मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी हातातली डाळिंबी पातेल्यात टाकली आणि पुन्हा सोलायला लागले. रात्री जेवताना ते नेहमीसारखंच बोलले, डाळिंब्यांना गूळ बेताचा पडलाय म्हणाले, नातीला अजून भात वाढायला लावला. मी मात्र अंथरुणावर पडले तरी तो प्रश्न कानातून जाईना. त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता आणि तक्रारीचाही नव्हता. एखाद्या दुकानासमोरून तीस वर्षं ये-जा केलेल्या माणसाला आतला माल अचानक कळावा, तसं काहीतरी त्या आवाजात होतं.

मी नर्स आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये इंग्लंडला गेले आणि मे २०१२ मध्ये परत आले. ईस्टबोर्न हे दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. सकाळी सी-गल पक्ष्यांच्या ओरडण्यानं जाग यायची, समुद्रावर वाळूऐवजी गोटे, आणि रस्त्यानं चालणारी निम्मी माणसं सत्तरीच्या पुढची. तिथल्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सांभाळाच्या घरात, मी सुरुवातीला देखरेखीखाली काम केलं, मग नोंदणी झाल्यावर स्टाफ नर्स म्हणून. पगाराच्या चिठ्ठीवर दोन कपाती असायच्या. एक कर, दुसरी नॅशनल इन्शुरन्स. करातलं थोडंफार कळायचं. दुसऱ्या कपातीचं काय होतं हे मी कधी विचारलं नाही. दोन अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक अक्षर असा एक नंबर मिळाला होता, लाल-निळ्या रंगाचं एक प्लास्टिकचं कार्ड आलं होतं. ते मी गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिलं. पौंड हातात आला की मनातल्या मनात त्याचे रुपये व्हायचे, रुपये ठाण्याला जायचे, आणि जे हातात येत नव्हतं त्याचा विचार करायला नाइट ड्युटीनंतर डोक्यात जागा नसायची.

तिथंच एक आजी होत्या. रोज सकाळी त्यांचे केस विंचरायला मी जायची. त्यांनी मला ती कपात पहिल्यांदा समजावून सांगितली, तीही जिभेवर अंगठा ओला करून. पूर्वी दर आठवड्याला मालक कार्डावर विम्याचा स्टॅम्प चिकटवायचा. १९७५ पर्यंत ती पद्धत होती. म्हणून जुनी माणसं आजही त्या कपातीला स्टॅम्पच म्हणतात. लग्न झालेल्या बायकांना तेव्हा छोटा स्टॅम्प भरायची मुभा होती. आठवड्याला थोडे पैसे वाचायचे, पण स्वतःचं पेन्शन साठायचं नाही. आजींनी छोटा स्टॅम्प भरला. नवऱ्याचं पेन्शन आहे की, मग दोघांचं कशाला, असं घरात ठरलं होतं. नव्यानं ती मुभा देणं १९७७ मध्ये बंद झालं, तोवर आजींची बरीच वर्षं गेली होती. सांगताना त्या चिडत नव्हत्या. फक्त अंगठा पुन्हा पुन्हा हवेतल्या कार्डावर दाबत होत्या. "तू भरतेस ना पूर्ण?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. कारण चिठ्ठीवर कापलेलं दिसत होतं, एवढंच.

परत आले ती आईच्या डायलिसिसमुळे. आठवड्यातून तीनदा तिला न्यायचं, आणायचं, पाणी मोजून द्यायचं. तीन महिन्यांत ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलमध्ये नोकरी धरली. आई २०१५ मध्ये गेली. त्यानंतर बाबा सावरकरनगरची खोली बंद करून आमच्याकडे वर्तकनगरला आले. तो गोळ्यांचा डबा मी परतले तेव्हाच इतर सामानाबरोबर माळ्यावर गेला होता, आणि बारा वर्षं कोणी त्याला हात लावला नाही.

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या वॉर्डातली केरळची एक सिस्टर, तीही तिकडून परत आलेली, जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाली, "तुझी किती वर्षं भरलीत?" मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं ताटातली माशाची कढी गार होईपर्यंत सगळं सांगितलं. ब्रिटनचं सरकारी पेन्शन एप्रिल २०१६ पासून नव्या पद्धतीनं मोजतात. ३५ वर्षं भरली तर पूर्ण. किमान १० भरली तर त्या प्रमाणात. हे पेन्शन मिळायला तिकडचं नागरिक असावं लागत नाही, तिकडे राहावं लागत नाही, ते ठाण्याच्या बँकेतही येतं. आणि तिकडून निघून आलेल्या माणसालाही, काही अटींवर, मधली मोकळी वर्षं पैसे भरून पुरी करता येतात. साधारणपणे मागची सहाच वर्षं भरता येतात, पण ५ एप्रिल २०२५ पर्यंत पार २००६ पर्यंतची दारं उघडी ठेवली होती. माझी पूर्ण वर्षं सहा होती. सहा आणि दहा यांच्यामध्ये थोडं, कमी, निम्मं असं काही नाही.

दहाच्या आत शून्य.

मग फॉर्म आला. सीएफ ८३ त्याचं नाव. त्यात विचारतात की तुम्ही तिकडे कधी होतात, निघण्याच्या अगदी आधी काम करत होतात का, आणि निघाल्यावर काय केलंत. शेवटचा रकाना भरताना मी बराच वेळ बसले. हॉस्पिटलचं नाव, रुजू तारीख, हुद्दा. आईचं डायलिसिस लिहायला तिथं जागा नव्हती, आणि ती असावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. जुलैत स्पीड पोस्टानं पाठवला. उत्तर जानेवारीत आलं. पातळ पांढरा कागद, आत वर्षांची यादी आणि प्रत्येक वर्षासमोर रक्कम. मी परत आल्यावर नोकरी करत होते म्हणून मला दुसऱ्या वर्गाचा, म्हणजे स्वस्तातला, दर लागला होता. जुन्या वर्षांसाठी आठवड्याला ३ पौंड १५ पेन्स, म्हणजे वर्षाला १६३ पौंड ८०. चार वर्षांचे मिळून ६५५ पौंड आणि वर काही पेन्स. पौंड तेव्हा १०७ रुपयांच्या आसपास होता. सत्तर हजार रुपये. माझ्यासारखीच्या घरात ही रक्कम लहान नाही, पण गळ्यातलं काही न मोडता उभी राहण्याजोगी होती.

बँकेत परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, कारण काय लिहू?" तिच्यासमोर यादी होती. शिक्षण, उपचार, प्रवास, नातेवाइकांचा सांभाळ. माझं कारण कशातच बसेना. मी म्हटलं, "मागची वर्षं भरायची आहेत." तिनं चेहरा वर करून पाहिलं. वयानं माझ्या लेकीएवढीच असेल. "मागची?" तिनं विचारलं. मागच्या खुर्चीतले साहेब उठून आले, त्यांनी पत्र वाचलं, एका जागी बोट ठेवलं आणि ते काम झालं. पण तिचं ते "मागची?" आणि बाबांचं "विकत?" हे दोन शब्द त्या आठवड्यात माझ्याबरोबर जिना चढत होते, उतरत होते.

बाबा टर्नर होते. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात लेथवर. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा रस्त्याच्या तोंडापासूनच लोखंड कापताना सोडायच्या कुलंटचा आंबट, तेलकट वास यायचा. लोखंडाचे निळसर गुंडाळलेले कीस पायाखाली कुरकुरायचे. बाबांच्या कानावर पेन्सिल असायची आणि अंगठ्यावर काळ्या बारीक रेघा, साबणानं न जाणाऱ्या. पंधरा-सोळा वर्षं ते रोजंदारीवर होते. या गाळ्यातून त्या गाळ्यात. मस्टरवर नाव नाही, फंड नाही. १९९६ मध्ये ते पहिल्यांदा एका कंपनीत कायम झाले, फंड कापायला सुरुवात झाली, आणि त्या महिन्यात आईनं घरात पेढे आणले होते. नोव्हेंबर १९९५ मध्ये आपल्याकडे कामगारांची नवी पेन्शन योजना आली होती. तिचीही अट तीच, दहा वर्षं. सहा महिने किंवा अधिक झाले तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ भरली तरी चालतं. २००५ मध्ये कंपनी बंद पडली तेव्हा बाबांची ९ वर्षं २ महिने झाली होती.

चार महिने कमी.

आमच्या घरात "चार महिने" हा शब्द पुढं वेगळ्याच अर्थानं राहिला. आई कशावरून तरी वैतागली की म्हणायची, "आपल्या नशिबी कायम चार महिने कमी." बाबा तेव्हा बावन्न वर्षांचे. लेथवर घ्यायला कोणी तयार नव्हतं, वागळे इस्टेटमधले गाळे एकेक करून पाडून काचेच्या इमारती व्हायला लागल्या होत्या. त्यांनी फंड काढला, पेन्शनच्या भागाचे पैसेही एकरकमी काढले आणि घोडबंदर रोडवरच्या एका संकुलात वॉचमनची नोकरी धरली. पुढची दहा-बारा वर्षं खुर्ची, वही आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर. त्या रकमेतला मोठा भाग माझ्या जाण्याला लागला. परीक्षा, कागदपत्रं, एजंट, विमानाचं तिकीट. हे मला ठाऊक होतं, नेहमीच होतं. पण ठाऊक असणं आणि दोन्हीकडचे आकडे एका वहीच्या पानावर शेजारी शेजारी लिहिलेले पाहणं, यात फार अंतर आहे. तिकडे १०, इकडे १०. माझी ६, त्यांची ९ आणि थोडी. माझ्या सहाला चार जोडायला पत्र येतं, दर कळतो, मुदत मिळते. त्यांच्या नवाला चार महिने जोडायची सोय नव्हती.

ज्या जानेवारीत माझं पत्र आलं, त्याच महिन्यातल्या एका रविवारी मी खारघरला माझ्या तिकडच्या मैत्रिणीकडे गेले. ठाण्याहून पनवेल लोकल. ऐरोली, रबाळे, घणसोली. एरवी आम्ही फोनवरच बोलायचो, ती तिच्या घरून आणि मी माझ्या. आम्ही दोघी एकाच बॅचमध्ये गेलो, एकाच नर्सिंग होममध्ये लागलो, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दीड वर्ष राहिलो. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला म्हणून ती २०११ मध्ये परतली. त्या आठ वर्षं अंथरुणावर होत्या, आणि ही आठ वर्षं त्यांच्या उशाशी. नाकातली नळी, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला पावडर, टाचांखाली पाणी भरलेले हातमोजे. आठ वर्षांत त्यांना एकही बेडसोअर, पडून राहून होणारी जखम, झाला नाही. हे वाक्य मी एक नर्स म्हणून लिहितेय. ज्यांनी हे काम केलंय त्यांना त्याचं वजन कळेल. आमच्या आयसीयूत तीन पाळ्यांचा स्टाफ असूनही आम्हाला हे दर वेळी जमत नाही.

तिची पूर्ण वर्षं पाच होती. पाच घ्यायची. मी तिच्यासाठी सगळं लिहून नेलं होतं, पण दराशी येऊन माझी जीभ अडखळली. परत आल्यावर जी पगारी काम करत नव्हती, तिला दुसरा वर्ग नाही, तिसरा. आठवड्याला १५ पौंड ८५ पेन्स, वर्षाला ८२४ पौंड २०. पाच वर्षांचे चार हजार पौंडांच्या वर, म्हणजे चार लाख चाळीस हजार रुपये. त्याच वर्षांचे, त्याच कामाचे. मी पगार घेऊन परक्यांची कूस बदलली म्हणून मला एक दर. तिनं पगार न घेता घरच्या माणसाची बदलली म्हणून पाचपट. तिकडे राहून तिनं हेच केलं असतं, आठवड्याला वीस तास किंवा अधिक, तर सांभाळ करणाऱ्यांसाठी तिकडे वेगळी नोंद आहे. ती वर्षं एक पेन्सही न भरता पूर्ण धरली जाऊ शकली असती. म्हणजे काम मोजायचं कसं हे त्या देशाला माहीत आहे. फक्त ते काम खारघरच्या सेक्टरमध्ये झालं होतं.

ती कागदाकडे बघत होती. तिचा मुलगा आत अभ्यास करत होता, त्याच्या इंजिनिअरिंगच्या फीचा हप्ता त्याच महिन्यात होता. तिनं कागदाची घडी घातली, चहाचे कप उचलले आणि ओट्याकडे जाता जाता म्हणाली, "माझी वर्षं महाग आहेत गं." मी तिला पुन्हा विचारलं, मार्चमध्ये फोन केला, उसने देते म्हटलं, निदान अर्ज तरी टाक म्हटलं. ती "बघते" म्हणाली. ५ एप्रिल उलटून गेला. आम्ही त्यानंतर त्या विषयावर बोललो नाही. तिच्याकडे गेले की अजूनही ती माझ्या आवडीची कोथिंबीर वडी करते, आणि ती खाताना माझ्या घशाशी काहीतरी अडकतं.

त्या नर्सिंग होममध्ये आमच्याबरोबर फिलिपिन्सची एक सिस्टर होती. तिघी मिळून नाइट करायचो. तिच्याबद्दल मला अलीकडे वाचता वाचता एक गोष्ट कळली. ती मायदेशी परतून पेन्शन घेईल तेव्हा ते दर वर्षी तिकडच्या लोकांच्या पेन्शनसारखंच वाढत जाईल, कारण ब्रिटनचा फिलिपिन्सशी तसा करार आहे. भारताशी नाही. आपल्याकडे पेन्शन ज्या आकड्यावर सुरू होतं त्याच आकड्यावर राहतं, माणूस नव्वद वर्षं जगला तरी. २०२५-२६ च्या दरानं दहा वर्षांचे आठवड्याला साधारण ६६ पौंड होत होते. माझं पेन्शन अडुसष्टाव्या वर्षी सुरू होईल तेव्हा २०४७ साल असेल. देशाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झालेली असतील आणि माझा आकडा त्या दिवशी गोठेल. तरीही मी भरले. का भरले, याचं खरं उत्तर पैशात नाही. ती सहा वर्षं शून्यात जावीत हे मला सहन होईना.

कारण ती सहा वर्षं कशी झाली हे मला माहीत आहे. मी गेले तेव्हा लेक दीड वर्षाची होती. आईच्या कडेवर. तिकडच्या नोंदीत ज्या ज्या वर्षासमोर "पूर्ण" असं आहे, त्या प्रत्येक वर्षात ती माझ्याशिवाय एक वर्षानं मोठी झाली. पहिला दात पडला तो बाबांनी कौलावर फेकला. शाळेच्या पहिल्या दिवशी तिचा हात बाबांच्या त्या काळ्या रेघांच्या हातात होता. त्या संध्याकाळी लेक तीच यादी वाचत होती, "२००६-०७, पूर्ण. २००७-०८, पूर्ण," असं सरळ आवाजात. तिला त्यात काही दिसत नव्हतं. मी वहीवरून मान वर केली नाही. त्या वर्षांची मला लाज वाटत नाही, त्यांच्यावर आमचं घर उभं आहे. पण त्यांना पूर्ण म्हणताना माझी लेखणी दर वेळी किंचित थांबते. आणि तरीही, त्यांना कोणी शून्य म्हटलं असतं तर मी भांडले असते. या दोन्ही गोष्टी माझ्यात एकदम राहतात, आणि मला त्यांची फारकत करता आलेली नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या हॉस्पिटलमध्ये एक वॉर्डबॉय नोकरी सोडून चालला होता. त्याची सहा वर्षं झाली होती. पीएफचं बघणारे गृहस्थ त्याला समजावत होते की पेन्शनचे पैसे काढू नकोस, योजना प्रमाणपत्र घे. म्हणजे ही सहा वर्षं तुझ्या नावावर राहतील, पुढच्या नोकरीतली त्यात मिळतील, दहा झाली की पेन्शन. मी औषधांची ट्रॉली घेऊन तिथंच उभी राहिले. दहाच्या आत असलेल्या माणसाला दोन रस्ते असतात हे मला तेव्हा कळलं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. बाबांनी तो कागद घेतला असता तर कुठंही, फंड कापणाऱ्या कुठल्याही जागी, फक्त चार महिने काम पुरलं असतं. अठ्ठावन्न व्हायला त्यांना सहा वर्षं होती. मग हे त्यांना कोणी सांगितलं कसं नाही? फंडाच्या ऑफिसात खिडकीपलीकडे बसलेल्या, मी कधी न पाहिलेल्या त्या माणसाचा मला इतका राग आला की मी तो तीन महिने रोज ड्युटीवर नेत होते आणि घरी आणत होते. बाबांना विचारायचा धीर नव्हता. आता वीस वर्षांनी त्यांना हे सांगून त्यांच्या हाती काय लागणार, असं वाटायचं.

याच काळात तिकडून आणखी एक बातमी आली. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ब्रिटननं जाहीर केलं की ६ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी परदेशात राहणाऱ्यांना तो स्वस्त वर्ग मिळणार नाही, आणि नव्यानं अर्ज करणाऱ्यांना तीनऐवजी दहा वर्षांचं तिकडचं वास्तव्य किंवा भरणा लागेल. आमच्या वॉर्डातल्या दोन मुली सध्या तिकडे जायची तयारी करतायत. इंग्रजीची परीक्षा, रात्रीची ड्युटी, स्टाफरूममध्ये मोबाइलवर ऐकण्याचा सराव. मी त्यांना डब्याच्या वेळी बसवून सगळं सांगते. चिठ्ठ्या जपून ठेवा, नंबर कुठंतरी लिहून ठेवा, परत यायचं ठरलंच तर आधी वर्षं मोजा. त्या ऐकतात, पण त्यांच्या डोळ्यांत विमान आहे. माझ्याही होतं.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी बाबांना विचारलंच. ते पुन्हा वालच सोलत होते, या वेळी मीही समोर बसले होते. नखात साल जाऊन बोटं चुरचुरत होती. म्हटलं, "बाबा, फंडाचा फॉर्म भरलात तेव्हा तुम्हाला तिथं कोणी प्रमाणपत्राचं सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं की," बाबा म्हणाले. "चांगला माणूस होता. दोनदा सांगितलं. काका, पैसे काढू नका, कागद घ्या, कुठंतरी चार महिने लागा."

"मग?"

"मग तुझं तिकीट होतं."

पातेल्यात डाळिंब्या पडण्याचा आवाज तेवढा येत होता. एक, मग थोडं थांबून दुसरी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "वर्षं विकता येतात हे मला ठाऊक होतं. विकत घेता येतात, ते त्या दिवशी तुझ्या पोरीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं."

मला बोलता आलं नाही. तीन महिने मी ज्या माणसावर राग धरला होता, त्यानं आपलं काम चोख केलं होतं. राग ठेवायला आता जागाच उरली नव्हती. मी साली गोळा करून कागदावर घेतल्या, पुन्हा पसरल्या, पुन्हा गोळा केल्या.

"आता किती झाली तुझी?" बाबांनी विचारलं.

"दहा."

"अजून मिळतात?"

"मिळतात. पण एकेक मागं पडत जातं. २०१९-२० चं वर्ष ५ एप्रिलला जाईल."

बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले. भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी गेले, एप्रिलचं पान काढलं. पेन्सिल कानावर नव्हती, फ्रीजवरच्या डब्यातून शोधून आणली. ५ तारखेभोवती त्यांनी गोल काढला, मग त्याच गोलावरून पुन्हा एकदा, इतका दाबून की मे महिन्याच्या पानावरही वळ उठला.